मुंबईच्या डांबरावर सिट-स्कीची तयारी

पॅरा क्रॉस-कंट्री स्कीइंगच्या बैठ्या गटात खेळाडू स्कीवर बसवलेल्या सीटवरून, म्हणजे सिट-स्कीवरून, जातो. पायांना काम नसतं. हातातल्या दोन काठ्या (पोल), खांदे आणि असलंच तर कंबरेचं बळ, एवढ्यावर १० किंवा २० किलोमीटर कापायचे असतात. म्हणून संघात जागा मिळवू पाहणाऱ्या खेळाडूची बरीच तयारी मुंबईत होऊ शकते. उतारावरचं वळण आणि बर्फावरची घसर मात्र इथे शिकता येणार नाही, त्यात वेळ घालवू नका.

सगळ्यात जास्त वेळ सीटला द्या. स्कीच्या जागी चार हवा भरलेल्या चाकांचा माउंटन बोर्ड घ्या आणि त्यावर फॅब्रिकेटरकडून ॲल्युमिनियमच्या पाइपची चौकट बसवून घ्या. पोटाचे स्नायू चालत नसतील (दिव्यांगत्वानुसार ठरणारा एलडब्ल्यू-१० गट) तर गुडघे नितंबांपेक्षा वर आणि पाठीला उंच टेकू हवा, नाहीतर पहिल्याच जोरात धड पुढे कोसळतं आणि उठत नाही. धडावर पूर्ण ताबा असेल (एलडब्ल्यू-१२) तर गुडघ्यांवर बसायची सीट चांगली, कारण कंबरेतून वाकता येतं. नितंब सीटवरून उचलायचे नाहीत, हा नियमच आहे. त्यामुळे मांड्यांवरचा पट्टा पहिल्या दिवसापासून घट्ट बांधा. पट्टा सैल असला की तुमचा जोर चाकांना न मिळता सीटवर सरकण्यात जातो.

चौकट चार बोल्टवर सुटी होईल अशी करा. लोकलच्या दिव्यांग डब्यात अख्खा सांगाडा चढवणं म्हणजे वेगळाच खेळ. बोल्ट स्टेनलेसचे आणि नट नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेले) घ्या. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत साध्या लोखंडाला लवकर गंज चढतो आणि साधे नट धक्क्यांनी ढिले होतात.

पोल सीटवर बसून मोजा: टोक जमिनीवर, मूठ हनुवटीपाशी. शंका असेल तर लांब ठेवा. लांब पोल कापता येतो, आखूड वाढवता येत नाही. टोक कार्बाइडचं हवं, रबरी बूच डांबरावर घसरतं. पेव्हर ब्लॉकवर जाऊच नका. टोक फटीत अडकतं, चाक पुढे जातं आणि मनगट मागे राहतं.

टोक गुडघ्यांच्या पुढे फेकू नका, तिथे रोवलेला पोल ब्रेकच लावतो. गुडघ्यांच्या बाजूला, मागे झुकलेला रोवा. आधी धडाचा भार टाका, मग खांदा, कोपर शेवटी. नुसत्या कोपराने ढकललं तर दंड दहा मिनिटांत भरून येतात.

आठवड्याला तीन फेऱ्या पुरेत, पहाटे, वाहनं सुरू व्हायच्या आत आणि सोबत एक सायकलस्वार ठेवून. बोर्डला बहुधा ब्रेक नसतो, म्हणून उड्डाणपूल वर्ज्य. पावसाळ्यात घरात दाराला रबर बांधून तीच हालचाल करा. व्हीलचेअर दिवसभर ढकलून खांद्याची पुढची बाजू आधीच थकलेली असते, म्हणून ढकलण्याच्या एका सेटला ओढण्याचे दोन सेट करा.

उकाडा हलक्यात घेऊ नका. छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर इजा असेल तर खालच्या शरीराला घाम येत नाही, अंग तापत जातं आणि कळतही नाही. दर वीस मिनिटांनी थांबा, मानेवर आणि हातांवर पाणी फवारा आणि त्याच वेळी हातांवर भार घेऊन बूड मोकळं करा. अशा इजेत अचानक डोकं ठणकलं, चेहरा लाल झाला तर तो एकदम चढलेला रक्तदाब असू शकतो. ताठ बसा, पट्टे सोडा, लघवीची नळी मुडपली आहे का पाहा. लगेच उतार पडला नाही तर थेट दवाखाना. घरी आरशात बुडाची त्वचा तपासा. अर्ध्या तासाने लाली गेली नाही तर ती पूर्ण जाईपर्यंत सीटवर बसायचं नाही आणि उशी बदलायची.

बर्फावरच्या सरावाला गुलमर्गला गेलात तर ते सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. तिथे पहिले दोन दिवस हलका सरावच करा, दम लागेल. मुंबईत तापणारे तेच पाय तिथे गोठतात आणि संवेदना नसल्यामुळे दुखत नाहीत. दर फेरीनंतर मोजे काढून बोटांचा रंग सोबत्याला बघायला सांगा.