पाऊस ओसरताना कुंडीतली कोरफड: पाणी घालण्याआधी मुळं बघा

हस्ताच्या सरी संपत आल्या की बाल्कनी-गच्चीतली कोरफड माना टाकायला लागते. पावसाळाभर हिरवीगार दिसलेल्या रोपाची खालची पानं पिवळी पडून लोळतात, बुंधा हाताला हलतो. अशा वेळी पहिला हात जातो झारीकडे, आणि तिथेच रोप हातचं जातं. या दिवसांत मलूल झालेली कोरफड बहुतेक वेळा तहानलेली नसते. तिची मुळं कुजलेली असतात. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून पानं सुकल्यासारखी दिसतात. वरून आणखी पाणी पडलं की कूज मुळांतून बुंध्यात चढते आणि मग वाचवायला फारसं काही उरत नाही. तेव्हा या पंधरवड्यात पाणी बंद ठेवा आणि रोप कुंडीबाहेर काढून मुळं तपासा.

तहान आणि कूज यांतला फरक बोटांना कळतो. तहानलेलं पान पातळ होतं, कडा आत वळतात, पण दाबलं तर चिवट लागतं. कुजणारं पान पिवळट, अर्धपारदर्शक होतं आणि बुडाशी दाबलं की बोट आत रुततं. पानं नुसती लालसर-तपकिरी झाली असतील तर तो बहुधा कडक उन्हाचा परिणाम असतो. त्यासाठी रोप उपटू नका, कुंडीची जागा बदला.

कोरफड मुळची अरबस्तानातल्या कोरड्या मुलखातली. तिच्या पानांवरची रंध्रं दिवसा मिटलेली आणि रात्री उघडी असतात, त्यामुळे पाणी फार कमी उडून जातं. जून ते सप्टेंबरच्या ढगाळ, दमट हवेत तर तिला पाणी लागतंच किती? पण कुंडी पावसात भिजतच राहते. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांना हवा मिळत नाही, ती गुदमरतात आणि पिथियम, फायटोप्थोरा, फ्युजारियम अशा मुळं कुजवणाऱ्या बुरश्यांना आणि बुरशीसारख्या जीवांना आयती वाट सापडते. काळ्या मातीच्या कुंडीत हे सगळ्यात लवकर होतं, कारण ती माती पाणी धरून फुगते. नर्सरीतून आणलेल्या रोपांची आणखी एक अडचण असते. वरची माती कोरडी दिसते, पण मुळांच्या मधोमध कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचा, घट्ट गोळा ओलाच राहिलेला असतो. रोप बाहेर काढल्याशिवाय तो कळतच नाही.

रोप काढताना पानं धरून ओढू नका. प्लॅस्टिकची कुंडी चारी बाजूंनी दाबा, मातीची असेल तर कडेने खुरपं फिरवा आणि आडवी करून गोळा सरकवा. माती हाताने झाडून टाका, कोकोपीटचा गोळा असेल तर तो सगळा सोडवा. चांगलं मूळ पांढरट किंवा पिवळसर आणि घट्ट असतं. कुजलेलं मूळ तपकिरी-काळं पडतं. चिमटीत धरून ओढलं की त्याची साल मोज्यासारखी निघून हातात येते आणि आत नुसती बारीक शीर उरते. वासही येतो. अशी सगळी मुळं काढून टाका, अर्धवट दिसणाऱ्यांचीही गय करू नका.

बुंधा मऊ झाला असेल तर सुरी स्पिरिटने पुसून खालून पातळ चकत्या काढत वर या. प्रत्येक कापानंतर सुरी पुन्हा पुसा, नाहीतर तीच सुरी रोग वर नेते. कापलेल्या तोंडावर एकही तपकिरी ठिपका किंवा कडं दिसेनासं झालं की थांबा. कापताना पानांतून पिवळा, कडू चीक गळतो, त्याला घाबरू नका. तो कोरफडीचा नेहमीचा चीक आहे, तोच आटवून वाळवला की काळा बोळ होतो. कुजीचा द्रव तपकिरी असतो आणि त्याला घाण वास येतो.

पुढची पायरी लोकांना सगळ्यात अवघड जाते, कारण तिच्यात काहीच करायचं नसतं. कापलेलं रोप सावलीत, वारा लागेल अशा जागी वर्तमानपत्रावर आडवं ठेवा. घाटावर ४-५ दिवस पुरतात. कोकणात, मुंबईत हवा दमट असली तर ८-१० दिवसही लागतील. जखमेवर कोरडी, टणक खपली धरली पाहिजे. तेवढ्यात रोप मरेल ही भीती मनातून काढा. पानांतल्या पाण्यावर कोरफड मुळांशिवायही काही आठवडे सहज तग धरते. घाईने ओल्या जखमेसकट लावलेलं रोप मात्र हमखास पुन्हा कुजतं.

घरात कोरफडीचा गर खाण्यात किंवा अंगाला लावण्यात असेल तर रासायनिक बुरशीनाशक अजिबात वापरू नका, जखम नीट सुकू देणं पुरेसं आहे. केवळ शोभेचं रोप असेल तर कापलेल्या तोंडावर कॉपर ऑक्सिक्लोराईडची भुकटी लावता येते. हातमोजे घाला. त्याच कुंडीत लगेच ट्रायकोडर्मा टाकू नका. ती उपयोगी असली तरी बुरशीच आहे आणि बुरशीनाशकाने तीही मरते.

लावणीसाठी मातीची, बुडाला मोठं भोक असलेली कुंडी घ्या, मुळांच्या पसाऱ्यापेक्षा जेमतेम मोठी. मोठ्या कुंडीतली जास्तीची माती ओल धरून बसते. माती १ भाग, जाड वाळू १ भाग, विटांचे वाटाण्याएवढे तुकडे १ भाग आणि गांडूळ खत अर्धा भाग हे मिश्रण आपल्याकडे चांगलं चालतं. वाळू समुद्रावरची नको, तिच्यात मीठ असतं. भोकावर एक खापरी ठेवा, म्हणजे माती वाहून जाणार नाही. पण खाली खडीचा जाड थर देण्याची जी पद्धत आहे, तिने निचरा सुधारत नाही, ओल वरच्या मातीत अडून राहते आणि मुळांची जागा मात्र कमी होते. लावल्यावर आठवडाभर पाणी नाही. नंतर भोकातून निथळेपर्यंत एकदाच भरपूर द्या आणि पुन्हा द्यायच्या आधी काडी खोलवर खुपसून बघा. काडीला ओली माती लागली तर थांबा. खालची ताटली काढून टाका. तिच्यातल्या पाण्याने मुळं कुजतातच, शिवाय डेंगीचे डासही होतात.

बुंधा पुरता गेला असेल तरी बाजूची पिल्लं वाचवता येतात. ४-५ पानं आणि स्वतःची मुळं असलेलं पिल्लू आईपासून वेगळं करून असंच सुकवून लावा. कोरफडीचं नुसतं पान मातीत खोचण्यात मात्र वेळ घालवू नका, त्याला रोप फुटत नाही, ते सडतं. पानापासून स्नेक प्लांट होतो. त्याच्या पिवळ्या काठाच्या जातीचं पान लावलं तर येणाऱ्या रोपात तो काठ उतरत नाही, म्हणून तिथेही मुळाशी फुटलेलं पिल्लूच घ्यावं.

पाऊस थांबला म्हणून कुंडी एकदम पश्चिमेच्या उन्हात ठेवू नका. चार महिने ढगांखाली राहिलेली पानं ऑक्टोबरच्या उन्हात भाजतात. आधी सकाळचं कोवळं ऊन द्या, ते दोन आठवड्यांत हळूहळू वाढवा. याच कोरड्या हवेत पिठ्या ढेकूणही वाढतो. कुंडीवर मुंग्यांची रांग दिसली की पानांच्या बेचक्यांत पांढरा कापूस शोधा, मुळांवरही असू शकतो. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या बोळ्याने पुसून घ्या.

कोरफडीसारखंच पाणी साठवणारं शोभेचं झाड म्हणजे अडेनियम. त्याचा फुगीर बुंधा मऊ लागला तर उपाय हाच, कापून सुकवणं. फक्त त्याचा चीक विषारी असतो, डोळ्यांत जाऊ देऊ नका. थंडीत त्याची पानं गळणं नैसर्गिक आहे, तेव्हा पाणी वाढवू नका.

छोट्या नर्सरीवाल्यांनी पिशव्या जमिनीवर न ठेवता विटांवर किंवा जाळीवर ठेवाव्यात आणि दोन ओळींत वारा खेळेल एवढी जागा सोडावी. कुजलेल्या पिशवीतली माती पुन्हा भरायला घेऊ नका.

लावलेलं रोप दिवाळीच्या सुमारास अगदी हलकं ओढून बघा. मातीला धरून राहिलं आणि मधून नवं टणक पान वर येत असेल तर मुळं फुटली आहेत. तोवर वरून खत देऊ नका.