डेकोरेटर आणि फंक्शनमध्ये पॅरामीटर वाटताय? या चुका टाळा

नाशिकमध्ये पायथन शिकणाऱ्या मुलांना कांद्याच्या भावाचं प्रोजेक्ट जवळचं वाटतं, म्हणून तेच घेऊ. 'भाव_काढा' हे फंक्शन बाजार आणि तारीख घेतं. नेट गेलं तर परत विचारायला त्यावर 'पुन्हा_प्रयत्न' हा डेकोरेटर (फंक्शनला बाहेरून गुंडाळून त्याला जादा काम जोडणारा कोड) लावलाय, 'वेळा=3' देऊन.

आता फंक्शनच्या आत थेट 'वेळा' लिहिलं की नेमएरर येणारच. पायथन नाव शोधतं ते फंक्शन जिथं लिहिलंय तिथून. ते कुणी बोलावलं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. यावर ग्लोबलचा, म्हणजे सगळीकडून दिसणाऱ्या सामाईक नावाचा, तोडगा काढू नका. चालू बाजार ग्लोबलमध्ये ठेवलात आणि दोन थ्रेड (प्रोग्रॅममधली समांतर चालणारी कामं) एकदम चालले, तर लासलगावचा भाव पिंपळगावच्या नावावर जाऊ शकतो, आणि एररही दिसणार नाही.

सरळ मार्ग म्हणजे 'भाव_काढा'च्या पॅरामीटरमध्ये 'वेळा'ही ठेवायचं, आणि रॅपरनं (डेकोरेटरमधलं, मूळ फंक्शनला बोलावणारं आतलं फंक्शन) ते मूळ फंक्शनला 'वेळा=वेळा' असं कीवर्डनं, म्हणजे नावानिशी, द्यायचं. बोलावणाऱ्यानंही 'वेळा' दिलं तर 'मल्टिपल व्हॅल्यूज'चा टाइपएरर येतो. त्याला बदलायची मुभा द्यायची असेल तर केडब्ल्यूआर्ग्जवर (नावानिशी दिलेल्या आर्ग्युमेंटची डिक्शनरी) सेटडिफॉल्ट वापरा; नाव आधी नसेल तरच ते भरतं.

उलट बाजूनं जास्त फसगत होते. लॉगसाठी डेकोरेटरला बाजाराचं नाव हवं असतं, म्हणून केडब्ल्यूआर्ग्जमधून 'बाजार' उचलला जातो. कुणी नुसतं भाव_काढा('लासलगाव', तारीख) लिहिलं की कीएरर. आर्ग्जमधला (नावाशिवाय, क्रमानं दिलेली आर्ग्युमेंट) पहिला घ्यावा, तर क्लासच्या मेथडमध्ये तिथं सेल्फ, म्हणजे तो ऑब्जेक्ट स्वतः, बसलेला असतो. त्यापेक्षा इन्स्पेक्ट मॉड्यूलनं मूळ फंक्शनचं सिग्नेचर (पॅरामीटरची यादी) घ्या, आलेली आर्ग्युमेंट त्याला बाइंड करा, म्हणजे नावांशी जोडा, मग न दिलेल्यांसाठी अप्लाय_डिफॉल्ट्स. कसंही बोलावलं तरी 'बाजार' नावानंच सापडतो. सिग्नेचर रॅपरच्या बाहेर एकदाच काढा, आणि 'वेळा' भरल्यावरच बाइंड करा, नाहीतर अपुऱ्या आर्ग्युमेंटची तक्रार येईल.

प्रयत्न मोजायला रॅपरमध्ये 'वेळा -= 1' केलंत तर अनबाउंडलोकलएरर, कारण पायथन 'वेळा'ला रॅपरचंच नाव समजतं. नॉनलोकल (नाव बाहेरच्या फंक्शनचं आहे हे सांगणारा शब्द) लिहिल्यावर एरर जातो, पण खरा घोळ तिथून सुरू होतो: आकडा सगळ्या कॉल्सचा एकच राहतो. सकाळी तीन प्रयत्न संपले की दुपारच्या कॉलला एकही उरत नाही. रॅपरच्या सुरुवातीला 'उरलेल्या = वेळा' करा आणि तोच कमी करत जा.

रॅपरला फंक्टूल्स मॉड्यूलचं रॅप्स (मूळ फंक्शनचं नाव-माहिती रॅपरला देणारं) लावायला विसरू नका, नाहीतर प्रत्येक फंक्शनचं नाव 'रॅपर' दिसेल. मात्र रॅप्समुळे हेल्पमध्ये मूळ फंक्शनचं सिग्नेचर येतं, म्हणजे बोलावणाऱ्यानं द्यायचं नसलेलं 'वेळा'सुद्धा. ते डॉकस्ट्रिंगमध्ये (फंक्शनच्या सुरुवातीच्या माहितीच्या मजकुरात) स्पष्ट लिहा.