ख्रिस्ती ईश्वरविज्ञान आणि पवित्र शास्त्राचा महाविद्यालयीन अभ्यास : या चुका टाळा

ख्रिस्ती ईश्वरविज्ञानाच्या वर्गात येणारे बहुतेक विद्यार्थी बायबल पहिल्यांदाच उघडत नसतात. लहानपणापासून ऐकलेली वचने, पाठ केलेली स्तोत्रे आणि उपदेशांतून मनात ठसलेले अर्थ त्यांच्याबरोबर वर्गात येतात. ही ओळख मोलाचीच आहे. अडचण अशी, की ज्या वाक्याचा अर्थ आपल्याला आधीच ठाऊक आहे असे वाटते ते वाक्य आपण वाचत नाही. केवळ ओळखतो आणि पुढे सरकतो. निबंधांत आणि उत्तरपत्रिकांत आढळणाऱ्या चुका वरवर पाहता निरनिराळ्या असतात, पण माझ्या मते त्यांतील बहुतेकींचे मूळ एकच आहे : हे वाक्य कोण बोलत आहे, कोणाशी आणि कोणत्या प्रसंगी बोलत आहे, हे न विचारता त्याचा अर्थ सांगण्याची घाई.

वचन अध्यायातून उचलणे

यिर्मया २९:११ हे वचन याचे ठळक उदाहरण आहे. देवाच्या मनातील संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, असे आश्वासन त्यात असल्यामुळे विद्यार्थी ते व्यक्तीच्या भवितव्याविषयीचे वचन म्हणून उद्धृत करतात. प्रत्यक्षात ते बाबेलला नेलेल्या बंदिवानांना लिहिलेल्या पत्रातील वाक्य आहे. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांच्या आत सर्व काही पूर्ववत होईल, असे लोकांना सांगतो. यिर्मयाचे पत्र नेमके त्या सोप्या आशेच्या विरोधात उभे आहे. घरे बांधा, बागा लावा, ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याच्या हितासाठी प्रार्थना करा, असे ते सांगते आणि दहाव्या वचनात सत्तर वर्षांची मुदत घालते. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेक प्रौढांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. हे ध्यानात घेतल्यावर अकराव्या वचनातील आशा कमी होत नाही, उलट अधिक गंभीर होते; मात्र ती एका समाजाला दिलेली, पिढ्या ओलांडणारी आशा आहे, हे निबंधात यायलाच हवे.

उपाय साधा आहे, पण तो टाळला जातो : ज्या पुस्तकावर लिहायचे ते आधी सलग वाचावे. मार्कचे शुभवर्तमान किंवा गलतीकरांस पत्र एका बैठकीत वाचून होते. अध्यायांच्या सीमांवर फार विसंबू नये. आज वापरात असलेली अध्यायविभागणी तेराव्या शतकाच्या आरंभीची असून तिचे श्रेय सहसा स्टीफन लँग्टन याला दिले जाते, तर नव्या कराराच्या वचनांचे प्रचलित क्रमांक रोबेर एस्तिएन याने १५५१ साली छापलेल्या ग्रीक आवृत्तीपासून रूढ झाले. उत्पत्तीतील सृष्टीचा पहिला वृत्तान्त दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या वचनाशी संपतो, आणि यशयातील दुःख सोसणाऱ्या सेवकाचे गीत त्रेपन्नाव्या अध्यायात नव्हे, तर ५२:१३ पासून सुरू होते. उताऱ्याची सुरुवात व शेवट स्वतः ठरवणे आणि तो तसा का ठरवला हे सांगता येणे, हा अभ्यासाचाच भाग आहे.

बोलणारा कोण, हे न पाहणे

ही चूक मला सर्वांत गंभीर वाटते, कारण तिच्यामुळे लेखकाच्या तोंडी त्याच्या मताच्या थेट विरुद्ध मत घातले जाते. ईयोबाच्या पुस्तकात अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तिघे मित्र पानेच्या पाने बोलतात, आणि त्यांची वाक्ये इतकी धार्मिक व घडीव आहेत, की ती ‘बायबलची शिकवण’ म्हणून सहज उद्धृत होतात. तुझा आरंभ अल्प असला तरी शेवट मोठा होईल, हे शुभेच्छेसारखे वापरले जाणारे वाक्य बिल्ददाचे आहे, आणि ते तो मुले गमावलेल्या माणसाला, त्या मुलांना त्यांच्याच पापाचे फळ मिळाले असावे असे सुचवून झाल्यावर ऐकवतो. पुस्तकाच्या शेवटी, ४२:७ मध्ये, या मित्रांनी माझ्याविषयी यथार्थ भाषण केले नाही, असा निर्वाळा स्वतः देव देतो. म्हणून मित्रांचे प्रत्येक वाक्य खोटे, असा उलटा नियमही करता येत नाही, कारण प्रेषित पौल करिंथकरांस पहिल्या पत्रात (३:१९) अलीफजाचेच वाक्य प्रमाण म्हणून घेतो. विद्यार्थ्याने निदान एवढे करावे, की ‘ईयोबाचे पुस्तक म्हणते’ असे न लिहिता ‘अलीफज ईयोबाला म्हणतो’ असे लिहावे आणि मग पुढचा विचार करावा.

पौलाच्या पत्रांतही हा प्रश्न येतो. करिंथकरांस पहिल्या पत्रातील ६:१२ मध्ये ‘सर्व गोष्टींची मला मोकळीक आहे’ हे शब्द येतात. अनेक अभ्यासकांच्या मते ती करिंथमधील काही जणांची घोषणा असून पौल ती उद्धृत करून लगेच तिला मर्यादा घालतो. सातव्या अध्यायाच्या आरंभी तर तो स्पष्टच सांगतो, की तुम्ही ज्या गोष्टींविषयी लिहिले त्यांचे हे उत्तर आहे. मूळ ग्रीक हस्तलिखितांत अवतरणचिन्हे नाहीत. ती कोठे घालायची हे अनुवादक ठरवतात. त्यामुळे अशा ठिकाणी दोन-तीन भाषांतरे समोर ठेवून अवतरणचिन्हे कोठे आहेत हे पाहावे, आणि आपण कोणता निर्णय स्वीकारला ते निबंधात नोंदवावे.

ईश्वरविज्ञानाच्या अभिजात ग्रंथांपाशी आल्यावर तर ही सवय अत्यावश्यक ठरते. तेराव्या शतकातील ईश्वरविज्ञानी थॉमस अक्वायनस याच्या ‘सुम्मा थिओलॉजिए’मधील प्रत्येक लेखांक प्रतिपक्षाच्या आक्षेपांनी सुरू होतो, त्यानंतर उलट बाजूचे एखादे प्रमाणवचन येते, मग ‘मी उत्तर देतो’ या शब्दांनी त्याचे स्वतःचे प्रतिपादन सुरू होते आणि शेवटी एकेका आक्षेपाचे निरसन येते. पहिल्या भागातील दुसऱ्या प्रश्नाचा तिसरा लेखांक ‘देव अस्तित्वात नाही असे दिसते’ अशा अर्थाच्या वाक्याने सुरू होतो आणि जगातील दुष्टाईचा आक्षेप पुढे करतो. घाईने वाचणारा विद्यार्थी हे आक्षेपच अक्वायनसचे मत म्हणून लिहून मोकळा होतो. प्रथम ‘मी उत्तर देतो’ हा भाग वाचावा, मग आक्षेप, मग निरसन, या क्रमाने गेल्यास गोंधळ उरत नाही. विरुद्ध मत इतक्या प्रामाणिकपणे मांडून त्याला उत्तर देण्याची ही रीत आपल्या निबंधांतही उतरली, तर त्यांची योग्यता पुष्कळ वाढेल.

सर्व आवाज एकत्र मिसळणे

विसंगती दिसली की ती ताबडतोब मिटवावी, असे भाविक मनाला वाटणे स्वाभाविक आहे. वधस्तंभावरील सात उद्गार उपासनेत एकत्र वाचले जातात आणि त्या परंपरेचे मोल मोठे आहे. परंतु मार्कच्या शुभवर्तमानावर निबंध लिहिताना ती सात वाक्ये आणणे ही चूक आहे. मार्कमध्ये आणि मत्तयमध्ये वधस्तंभावरील येशू एकच वाक्य बोलतो, आणि ते ‘तू माझा त्याग का केलास?’ हे बाविसाव्या स्तोत्रातील आर्त वाक्य आहे. लूक आणि योहान प्रत्येकी तीन निराळे उद्गार देतात. मार्कच्या त्या एकाकी वाक्याशेजारी लूकमधील शांत समर्पणाचे वाक्य घाईने ठेवले, की मार्कला जे सांगायचे होते ते ऐकूच येत नाही. दुसऱ्या शतकात टेशियन याने चार शुभवर्तमानांचे एक सलग कथन रचले आणि सिरियाक भाषिक मंडळ्यांत ते दीर्घकाळ वाचले गेले, तरीही अखेरीस मंडळीने चार स्वतंत्र शुभवर्तमानेच जतन केली, हे विद्यार्थ्याने विसरू नये.

पौल आणि याकोब यांच्याविषयीही असेच म्हणता येईल. रोमकरांस पत्र ३:२८ आणि याकोब २:२४ ही वाक्ये समोरासमोर ठेवली की विद्यार्थी एकतर विरोध जाहीर करतात किंवा ‘दोघांचेही म्हणणे एकच’ असे म्हणून विषय संपवतात. दोघेही अब्राहामाकडे वळतात आणि दोघेही उत्पत्ति १५:६ उद्धृत करतात. पण पौल ते वचन अब्राहामाच्या सुंतेपूर्वीचे आहे यावर भर देतो, कारण त्याच्यासमोर परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या, प्रवेशाचा प्रश्न आहे, तर याकोब त्याला इसहाकाच्या अर्पणाची कथा जोडतो, कारण त्याच्यासमोर उघड्या व उपाशी भावंडाला नुसते शुभ बोलून वाटेला लावणारे लोक आहेत. हे दोन प्रसंग मांडले, की विरोध किती आणि कशात आहे हे ठरवण्यासाठी हाती काहीतरी ठोस येते.

उत्तरकाळ मागे नेणे

निकेया येथील बिशपांची परिषद ३२५ साली भरली, आणि तिने बायबलमध्ये कोणती पुस्तके असावीत हे ठरवले, असे विधान उत्तरपत्रिकांत पुनःपुन्हा दिसते. परिषदेपुढील मुख्य प्रश्न एरियसच्या शिकवणीचा, म्हणजे पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे की नाही याचा होता, आणि तिच्या वीस नियमांत शास्त्रग्रंथांची यादी नाही. आजच्या नव्या कराराच्या सत्तावीस पुस्तकांशी तंतोतंत जुळणारी, उपलब्ध असलेली सर्वांत जुनी यादी अथनेशियस याच्या ३६७ च्या ईस्टरपत्रात आढळते. जुन्या कराराच्या बाबतीत तर आजही एकवाक्यता नाही : प्रॉटेस्टंट बायबलमध्ये एकूण ६६ पुस्तके आहेत, कॅथलिक बायबलमध्ये ७३.

याच चुकीचे दुसरे रूप म्हणजे ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेची किंवा ४५१ च्या खाल्सेदोन परिषदेची परिभाषा थेट पौलाच्या तोंडी घालणे. त्याला उत्तर म्हणून काही विद्यार्थी दुसऱ्या टोकाला जातात आणि ख्रिस्ताच्या ईश्वरत्वाची कल्पनाच चौथ्या शतकात जन्मली असे लिहितात, जे फिलिप्पैकरांस पत्र २:६-११ वाचणाऱ्याला टिकणारे वाटणार नाही. शब्द नंतरचे असतात, पण ज्या उपासनेला आणि ज्या प्रश्नांना ते उत्तर देतात ती आधीची असू शकतात. प्रत्येक सिद्धान्ताजवळ सालासह एक छोटा कालपट ठेवल्यास हा गोंधळ बराच टळतो.

येशूच्या काळातील परूशी या यहुदी गटाविषयीची सरधोपट विधाने याच वर्गात मोडतात, आणि त्यांचे परिणाम अधिक दुःखद आहेत. शुभवर्तमानांतील तीव्र वाद हे यहुदी समाजाच्या आतले वाद होते. पुनरुत्थानाच्या प्रश्नावर येशू सदूकी या दुसऱ्या यहुदी गटाच्या विरुद्ध आणि परूश्यांच्या बाजूने उभा आहे. लूक १३:३१ मध्ये हेरोदापासून सावध राहा असे त्याला परूशीच सांगतात. पौल फिलिप्पैकरांस पत्रात आपण परूशी असल्याचे सांगतो. ‘परूशी’ म्हणजे ढोंगी आणि ‘यहुदी धर्म’ म्हणजे कोरडे नियमशास्त्र असे समीकरण मांडणारा निबंध इतिहास म्हणून चुकीचा तर आहेच. अशा समीकरणांनी शतकानुशतके यहुदी लोकांच्या छळाला आधारही पुरवला आहे.

चिकित्सक प्रश्नांना शत्रू मानणे

पुस्तकांचे कर्तृत्व, काळ आणि मूळ साधने यांची चर्चा सुरू झाली की काही विद्यार्थी कान बंद करतात, तर काही जण पहिल्याच सत्रात सगळी श्रद्धा सोडून देण्याची तयारी करतात. दोघांचाही समज असा, की हे प्रश्न बाहेरून आलेले आहेत. वस्तुस्थिती निराळी आहे. ‘अनुवाद’ या जुन्या करारातील पुस्तकाच्या शेवटी मोशेच्या मृत्यूची हकिकत येते, तेव्हा ती शेवटची आठ वचने यहोशवाने लिहिली असावीत, हे मत तल्मूद या यहुदी परंपरेच्या ग्रंथातच नोंदलेले आहे. इब्री लोकांस पत्र कोणी लिहिले हे खरोखर देवालाच ठाऊक, असे ओरिजेन या ख्रिस्ती विद्वानाने तिसऱ्या शतकात म्हटले. त्याच शतकात अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिशियस याने भाषा व शैली तपासून प्रकटीकरण आणि योहानाचे शुभवर्तमान एकाच योहानाचे नसावेत, असे प्रतिपादन केले. हे प्रार्थना करणारे, मंडळीत राहणारे लोक होते. एखाद्या सिद्धान्ताने मन अस्वस्थ झाले, तर प्रथम त्याचा पुरावा कोणता आणि त्यावरील निष्कर्ष कोणता हे कागदावर वेगवेगळे लिहावे. पुष्कळदा पुरावा मान्य करता येतो आणि निष्कर्षाविषयी वाद घालता येतो. आणि ती अस्वस्थता एकट्याने सोसू नये, शिक्षकांपाशी बोलावी.

लेखन आणि साधने

निबंध हा उपदेश नव्हे. ‘आपण सर्वांनी’ अशा आवाहनाने परिच्छेद संपू लागले की प्रतिपादन थांबलेले असते. टीकाग्रंथ निवडताना प्रकाशनवर्ष पाहावे, कारण मृत समुद्राजवळील प्राचीन यहुदी हस्तलिखितांच्या गुंडाळ्या १९४७ पासून सापडू लागल्या आणि त्यापूर्वीच्या ग्रंथांना त्यांची माहिती असणे शक्य नाही. जुने टीकाग्रंथ विनामूल्य मिळतात म्हणून केवळ त्यांच्यावर निबंध उभारू नये.

संदर्भ जुळत नसेल तर आधी क्रमांक तपासावेत. सप्तती या जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात व वल्गेट या लॅटिन भाषांतरात नववे आणि दहावे स्तोत्र एकच धरल्यामुळे पुढील बहुतेक स्तोत्रांचा क्रमांक एकने मागे असतो. ऑगस्टीनचे पन्नासाव्या स्तोत्रावरील विवेचन म्हणजे आपल्या एक्कावन्नाव्या स्तोत्रावरील विवेचन होय. हिब्रू आवृत्तीत योएलाचे चार आणि मलाखीचे तीन अध्याय आहेत, आपल्याकडे त्याच्या उलट.

ग्रीक आणि हिब्रू यांचा अभ्यास परीक्षेच्या आदल्या आठवड्यावर ढकलू नये. ओळीखाली अर्थ छापलेल्या आवृत्तीवर विसंबले तर डोळा अर्थाकडेच जातो आणि वाक्यरचना कधीच दिसत नाही. रोज थोडीच वचने, पण मोठ्याने आणि अर्थ झाकून वाचावीत. ग्रीकसाठी योहानाचे पहिले पत्र आणि हिब्रूसाठी रूथ किंवा योना ही पुस्तके आरंभाला योग्य आहेत, कारण त्यांची वाक्ये तुलनेने सोपी असून तेच शब्द वारंवार भेटतात.