पहिली फळी ठोकण्याआधी शेवटची ओळ मोजा

खोलीत लाकडी फळ्यांची जमीन बसवायची तर टेप, करवत, खडू, लाइनदोरी हे सांगायला नको. माल क्षेत्रफळापेक्षा १० टक्के जास्त आणा, तिरकं बसवणार असाल तर १५ टक्के.

आधी दिशा. खाली लाकडी वासे असतील तर फळ्या त्यांना आडव्या. समांतर टाकल्या तर दोन वाशांमधली जमीन दबते आणि सांधे उघडतात. खाली काँक्रीट असेल तर लांब भिंतीला धरून चाला, मात्र भरीव लाकूड काँक्रीटवर थेट खिळ्यांनी बसत नाही. मध्ये प्लायवूड घाला, नाहीतर इंजिनिअर्ड फळ्या (वर खऱ्या लाकडाचा थर, खाली प्लायसारखे थर) चिकटवा.

आता शेवटची ओळ. हिच्याबद्दल वैतागाल इतक्यांदा सांगणार आहे. समजा खोलीची रुंदी ३१७० मिमी. दोन्ही भिंतींशी १२-१२ मिमी फट सोडली की ३१४६ उरतात. फळी १२५ मिमीची, टंग सोडून मोजलेली (टंग म्हणजे फळीच्या एका कडेची जीभ, ती शेजारच्या फळीच्या खाचेत, म्हणजे ग्रूव्हमध्ये बसते). २५ ओळी बसतात आणि शेवटी २१ मिमीची चिंधी राहते. ती कापताना चिरते, खिळा धरत नाही. उपाय सोपा, पण सुरुवातीलाच करायचा: १२५ आणि २१ ची बेरीज करून निम्मी करा. पहिली आणि शेवटची ओळ ७३ मिमीची, मध्ये २४ पूर्ण ओळी. पहिली फळी भिंतीकडच्या, म्हणजे ग्रूव्हच्या बाजूने कापा.

रुंदी दोन्ही टोकांना मोजा, मधेही मोजा. खोली क्वचितच गुण्यात, म्हणजे नेमक्या काटकोनात असते. एका टोकाला १५ मिमी कमी भरली तर त्या २१ चे ६ होतात. म्हणून पहिली ओळ दोरीवर लावा, भिंतीवर भरवसा नको. आणि शेवटची ओळ? कागदावर मांडली का? नसेल तर हातोडी खाली ठेवा.

ओलावा मीटरने तपासा. फळ्या आणि खालचं प्लायवूड यांत ४ टक्क्यांहून जास्त फरक नको, ३ इंचांहून रुंद फळ्यांना २. फरक असेल तर गठ्ठे सोडून माल त्याच खोलीत ठेवा. नुसते दिवस मोजून उपयोग नाही.

भिंतीलगतची फट भरू नका, पावसाळ्यात लाकूड फुगतं. शेजारच्या ओळींतले सांधे निदान १५ सेंमी सरकवून. चौकट खालून फळीच्या जाडीइतकी कापा, दार घासत असेल तर तेही. स्कर्टिंग भिंतीला ठोका, फळीला नाही.