नेल्सन पास यांच्या पद्धतीने पहिला क्लास ए अँप घरी कसा बांधायचा

अमेरिकन डिझायनर नेल्सन पास यांच्या पास लॅब्स कंपनीचा अँप (म्हणजे स्पीकर चालवणारा अँप्लिफायर) विकत घेणं आपल्यापैकी बहुतेकांना जमणार नाही, पण त्यामागचा विचार काय आहे हे घरच्या टेबलावर सोल्डरिंग आयर्न घेऊन नक्की कळतं. मी गेल्या वर्षी पुण्यात पास यांचाच अँप कँप अँप बांधला, लोक त्याला नुसतं एसीए म्हणतात, आणि ज्यांना बांधायचाय त्यांच्यासाठी कामाच्या गोष्टी इथे लिहितोय.

आधी थोडं मागचं. नेल्सन पास फिजिक्स शिकलेले, १९७४ मध्ये त्यांनी थ्रेशोल्ड ही कंपनी काढली, मग १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात पास लॅब्स, आणि पुढे फर्स्ट वॅट नावाचा अगदी छोटा ब्रँड, ज्यात कमी वॅटचे, थोडकेच नग निघणारे अँप असतात. साधारण अँपमध्ये सिग्नल वाढवणाऱ्या एकामागे एक तीन-चार स्टेज असतात आणि त्यांनी केलेल्या चुका निस्तरायला वरून भरपूर फीडबॅक लावतात, म्हणजे आउटपुटचा थोडा भाग परत इनपुटला आणून चूक दुरुस्त करतात. पास म्हणतात की स्टेजच कमी करा, प्रत्येक ट्रान्झिस्टर त्याच्या सगळ्यात सरळ वागणाऱ्या भागात चालवा, म्हणजे निस्तरायला मुळात फारसं उरत नाही. १९९४ चा त्यांचा झेन अँप तर एकाच मॉसफेटच्या (हा ट्रान्झिस्टरचाच एक प्रकार) एका गेन स्टेजवर, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या एकाच टप्प्यावर चालतो! याची किंमत म्हणजे उष्णता, कारण क्लास ए मध्ये ट्रान्झिस्टर कधी बंदच होत नाही, गाणं चालू असो नसो करंट तेवढाच वाहतो.

आणि फर्स्ट वॅट हे नाव उगाच नाही. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत बसून नेहमीच्या आवाजात ऐकताना बहुतेक वेळ एक वॅटसुद्धा लागत नाही, मग तो पहिला वॅटच नीट नसेल तर पुढचे दोनशे घेऊन करायचं काय.

एसीए त्यांनी २०१२ मध्ये नवशिक्यांसाठीच काढला आणि सर्किट सगळ्यांना खुलं करून दिलं. आधी १९ व्होल्टच्या लॅपटॉप अडॅप्टरवर चालायचा, नंतरची आवृत्ती २४ व्होल्टची, चॅनलला साधारण ८ वॅट. अडॅप्टर बाहेर असतो त्यामुळे डब्यात २३० व्होल्ट येतच नाही, म्हणून पहिल्या अँपसाठी हाच घ्या असं मी ठामपणे सांगेन. एका चॅनलमध्ये दोन आयआरएफपी२४० मॉसफेट (एक गेनचं काम करतो, दुसरा करंट सोर्स, म्हणजे त्याला करंट पुरवणारा), इनपुटला एक जेफेट (ट्रान्झिस्टरचाच आणखी एक प्रकार), करंट सोर्सला एक छोटा ट्रान्झिस्टर, बाकी रेझिस्टर-कपॅसिटर. बस एवढंच.

पार्ट गोळा करताना खरी काळजी जेफेटची घ्या. मूळ २एसके१७० हा जेफेट तोशिबाने कधीच बंद केलाय आणि बाजारात नकली माल उदंड आहे, मला एका ऑनलाइन विक्रेत्याकडून दहा आले ते दहाही नकली निघाले आणि दोन आठवडे गेले ते गेलेच. टेस्ट सोपी आहे, जेफेटला गेट, सोर्स आणि ड्रेन असे तीन पाय असतात. गेट आणि सोर्स एकत्र जोडून ९ व्होल्टच्या बॅटरीच्या मायनसला लावा, ड्रेन मल्टिमीटरमधून प्लसला, मीटर मिलिअँपिअरवर. बीएल ग्रेडचा (करंटनुसार तोशिबाने केलेला एक गट) असेल तर ६ ते १२ च्या मध्ये आकडा यायला पाहिजे, माझ्या त्या दहांमध्ये एकही ३ च्या वर गेला नाही. पर्याय म्हणून लिनिअर सिस्टिम्सचा एलएसके१७० चालतो, फक्त अधिकृत डिस्ट्रिब्युटरकडूनच घ्या. हीटसिंक, डबा, सॉकेट वगैरे मात्र मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास हातात धरून, वजन बघून घेता येतं.

हीटसिंकमध्ये अजिबात कंजूषी नको. दर चॅनलला तीसेक वॅट सतत उष्णतेत जातात, म्हणजे ०.८ डिग्री प्रति वॅटचा सिंक घेतला तर तो खोलीपेक्षा २४ डिग्रीने गरम राहणार. २० डिग्रीच्या खोलीत ते चालून जातं, आपल्याकडे एप्रिलमध्ये खोलीच ३६ असते, मग सिंक ६० ला. मी दर चॅनलला ०.५ चा घेतला. हात ठेवून पाच सेकंद टिकला पाहिजे, नाही टिकला तर सिंक लहान आहे असं समजा.

मॉसफेटची पाठ म्हणजेच ड्रेन, त्यामुळे ती आणि सिंक यांच्या मधे वीज अडवणारा माइकाचा पातळ तुकडा आणि दोन्ही बाजूंना पातळ थर्मल पेस्ट लागतेच. भोकाच्या काठाला ड्रिलचा बारीकसा काटा राहिला तरी माइका फाटतो, त्यामुळे काठ घासून बोटाने चाचपून बघा आणि स्क्रू आवळल्यावर मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून पाठ ते सिंक तपासा. बीप आली तर सगळं उघडून परत.

आता बायस, म्हणजे गाणं नसताना ट्रान्झिस्टर कुठल्या पातळीवर उभा राहतो ते ठरवणं. स्पीकर काढून ठेवा, इनपुट शॉर्ट करा, काळा प्रोब ग्राउंडला, लाल प्रोब गेनवाल्या मॉसफेटच्या ड्रेनला. सप्लाय लावा आणि ट्रिमपॉट (बोर्डवरचा स्क्रूने फिरवायचा छोटा रेझिस्टर) अगदी हळू फिरवत १२ व्होल्टवर, म्हणजे सप्लायच्या निम्म्यावर आणा. आकडा लगेच थांबत नाही, जरा फिरवलं की थोडं थांबायचं. मग तासभर तसाच चालू ठेवा, सिंक पूर्ण तापल्यावर आकडा सरकलेला असतो, तेव्हा परत १२ करा. पंखा त्या वेळी बंद ठेवा, माझ्याकडे पंख्याच्या वाऱ्याने आकडा सारखा हलत होता आणि मी उगाच सोल्डरिंग तपासत बसलो.

आउटपुटला मोठा कपॅसिटर आहे, तो चार्ज होताना चालू केल्यावर स्पीकरमधून धप्प येतं, ते नॉर्मल आहे. स्पीकरची सेन्सिटिव्हिटी (थोड्या वॅटमध्ये किती मोठा वाजतो ते) ९० डीबीच्या वरची असेल तर उत्तम. गेन कमी आहे, फोनच्या जॅकने मजा येणार नाही, २ व्होल्ट देणारा डॅक (डिजिटल गाणं अॅनालॉग सिग्नलमध्ये बदलणारा डबा) लावा.

ऐकायला पहिल्यांदा तानपुरा लावा. माझ्या जुन्या एव्ही रिसीव्हरवर तो मागे एक गुणगुण म्हणून यायचा, यावर जोडीच्या तारेनंतर खर्ज लागतो ती जागा आणि जवारीचा हळूहळू उलगडणारा झणकार वेगळा ऐकू आला, तेही आवाज इतका कमी होता की शेजारच्या खोलीत आई झोपली होती. दोन आठवडे रोज चालवल्यावर आणि परत उन्हाळा लागला की बायस एकदा तपासून घ्या, माझा मे महिन्यात ११.४ झाला होता.