आंबोलीत उडत्या बेडकाचं घरटं कसं शोधावं

मलबारी उडता बेडूक फक्त पश्चिम घाटात सापडतो. पावसाळ्यात आंबोलीला येणारे बरेच जण त्याचा एक फोटो मिळाला की खूश होऊन परततात. माझ्या मते खरी मजा त्याच्या घरट्यात आहे.

१. जूनमध्ये पावसानं जोर धरला की निघा. एरवी हा बेडूक झाडांवर उंच असतो, विणीसाठी खाली येतो.

२. बेडूक नाही, आधी पाणी शोधा. साचलेलं डबकं किंवा जुना हौद चालेल, धो-धो वाहणारा ओहोळ नको. मग पाण्यावर झुकलेल्या फांद्या एकेक करून बघा.

३. पानांना चिकटलेला फेसाचा गोळा दिसला की समजा, घरटं सापडलं. अंडी घालताना मादी अंगातून येणारा स्राव मागच्या पायांनी ताकासारखा घुसळते आणि त्याचा फेस होतो. ताजा फेस पांढरट असतो. पुढे तो वरून सुकून पिवळट पडतो, पण आतली ओल टिकते आणि त्या ओलीत फिकट अंडी वाढतात. काडीनं टोकरून बघायचा मोह आवरा. वरचं कवच फुटलं की आतलं सगळं सुकतं.

४. रात्री टॉर्च घेऊन त्याच जागी या. बेडूक साधारण १० सेंटिमीटरचा, हिरवागार, बोटांमधले पडदे लालसर. हेच पडदे ताणून तो ९ ते १२ मीटर तरंगत जातो. फांदीत हात मात्र घालू नका, अशाच जागी मलबारी चापडा हा विषारी साप दबा धरून असतो.

५. काही दिवसांनी पुन्हा या. फेस खालून पातळ होतो आणि बेडूकमासे टपटप पाण्यात पडतात. खालचं डबकं तोवर आटलं असेल तर सगळं फुकट. पाण्यात पडलेल्यांना आधी मागचे पाय फुटतात, मग पुढचे, शेपूट जिरते आणि पिल्लू काठावर चढतं. (तिथल्याच झुडपांतले काही इवले बेडूक ही पाण्याची भानगडच ठेवत नाहीत, त्यांच्या अंड्यांतून थेट छोटे बेडूक निघतात.)

६. डासांचं मलम लावलेल्या हातांनी बेडकाला शिवू नका, तो त्वचेतूनही श्वास घेतो. एका डबक्यावरून दुसऱ्याकडे जाताना बूट धुऊन वाळवा, चिखलातून बेडकांचे बुरशीरोग पसरतात.