बाल्टिमोरमध्ये बीपी मोजायला जाताना

वेस्ट बाल्टिमोरमध्ये घरोघरी जाऊन बीपी मोजायचं काम मी बारा वर्षं करतेय. पेशंट बहुतेक काळे, वयस्कर. नव्याने रुजू झालेल्या मराठी नर्स विचारतात, सुरुवात कशी करू?

हाक मारण्यापासून. अमेरिका आहे म्हणून पंचाहत्तरीच्या बाईला नुसतं नावाने बोलावू नका. आधी 'मिस' लावा. अलाबामाच्या कोर्टात काळ्या कार्यकर्त्या मेरी हॅमिल्टन यांना नुसतं नावाने बोलावलं; त्या 'मिस' म्हटल्याशिवाय उत्तर देईनात, म्हणून त्यांना शिक्षा झाली. १९६४ साली सुप्रीम कोर्टाने ती रद्द केली. आपल्या पेशंटना तो काळ चांगला आठवतो.

पाच मिनिटं स्वस्थ बसू द्या. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला. दंड जाड असेल तर मोठा पट्टा लावा, नाहीतर आकडा उगाच फुगतो. ऑक्सिमीटर काळ्या त्वचेवर कधीकधी ऑक्सिजन आहे त्याहून जास्त दाखवतो. आकडा छान आणि बाई धापा टाकतेय? बाईचं खरं माना.

बीपी चढलेलं दिसलं की लगेच मिठावर घसरू नका. मी घसरले होते. पेशंट असलेल्या एका आजींनी माझं व्याख्यान शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "ताजी भाजी आणायला दोन बस बदलते मी." त्या दोन बसमागे जुना इतिहास आहे. या शहराने १९१० साली काळ्यांनी कुठे राहायचं याचा कायदाच केला होता. पुढे तीसच्या दशकात सरकारी नकाशात अशा वस्त्या धोक्याच्या म्हणून लाल रंगवल्या. घरासाठी कर्ज मिळणं मुश्किल. आडनाव ऐकून खोली नाकारणारे घरमालक आपण पाहिलेत, तेव्हा हे कळायला जड जाऊ नये.

आणि 'किती खंबीर आहात हो तुम्ही!' हे तर नकोच. नॉर्थ कॅरोलिनात शेरमन जेम्स या संशोधकाला जॉन हेन्री मार्टिन नावाचा शेतकरी भेटला. वाट्याने शेती करणाऱ्या घरातला हा माणूस राबराबून चाळिशीत ७५ एकरांचा मालक झाला, आणि पन्नाशीत बीपी, सांधेदुखी, पोटात अल्सर. एकट्याने रेटत राहण्याच्या या सवयीला जेम्सनी 'जॉन हेन्रिझम' म्हटलं. आपण खंबीरपणाचं कौतुक केलं की पेशंट दुखणं गिळतो.

त्याऐवजी विचारा, "थकल्यावर फोन कुणाला करता?" बहीण, चर्चमधली मैत्रीण, शेजारीण, जे नाव येईल ते औषधांच्या यादीखाली लिहून ठेवा. आजी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मलाच सगळे करतात."

हे मात्र पट्टा काढल्यावर विचारा. मोजताना बोललं की आकडा चढतो.